एस पातळीच्या संगणकाला हरवता, मग माणसाकडून का पडता? लढाऊ फ्लाइट सिम्युलेटरचा सराव पायरीपायरीने

एस, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीच्या संगणकी वैमानिकाला सलग दहा वेळा पाडणारा खेळाडू पहिल्यांदा ऑनलाइन सर्व्हरवर उतरतो आणि तिसऱ्या मिनिटाला जमिनीवर असतो. कोणी मारले, कुठून आला, काहीच कळत नाही. मग तो ठरवतो की समोरचा चीटिंग करतोय, नाहीतर आपला जॉयस्टिक स्वस्तातला आहे. बहुतेक वेळा दोन्ही खरे नसते.

संगणकाच्या वैमानिकाला तुमचे विमान कुठे आहे ते सतत ठाऊक असते, पण तुमच्या डोक्यात काय चालले आहे ते त्याला कळत नाही. माणसाचे उलटे आहे. तो तुमचा डाव ओळखतो, पण तुम्ही त्याला दिसायलाच हवे असे नाही. त्यामुळे संगणकाशी खेळून हात तयार होतो, लपणे आणि फसवणे तयार होत नाही. पैलवान मल्लखांबावर घाम गाळतो तो अंग कमावण्यासाठी. खांब काही उलटून डाव टाकत नाही. सरावाचा क्रम लावताना एवढे ध्यानात ठेवले तरी बरेच महिने वाचतात.

सिम्युलेटर कोणता

डीसीएस वर्ल्ड फुकट मिळते, त्यात कॉकेशस आणि मारियानास हे नकाशे आणि दोन विमाने येतात: सु-२५टी आणि टीएफ-५१डी. इथेच नवखा फसतो. सु-२५टी हे जमिनीवर मारा करणारे जड विमान आहे आणि टीएफ-५१डी ला बंदूकच नाही. म्हणजे हवाई झुंज शिकायला यातले एकही धड उपयोगाचे नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरून बहुतेक विमाने १४ दिवस चाचणीसाठी फुकट वापरता येतात, ती सोय घ्या आणि मगच पैसे घाला. दोन-तीन जादा नकाशे घेतलेत की सगळा पसारा शंभर जीबीच्या पुढे जातो. म्हणून एसएसडी हवीच, आणि डाउनलोड मोबाइलच्या डेटावर लावू नका.

आयएल-२ मध्ये दुसऱ्या महायुद्धाची विमाने आहेत. क्षेपणास्त्रे नाहीत, त्यामुळे नजर आणि बंदूक पक्की करायला हे उत्तम. फाल्कन बीएमएस मूळच्या १९९८ च्या फाल्कन ४.० वर उभे आहे, मूळ खेळ विकत घेतलेला असला की बाकी फुकट. त्यात संगणकाच्या पाच पातळ्या आहेत: रिक्रूट, कॅडेट, रूकी, व्हेटरन, एस. वॉर थंडरमध्ये माणसे हवी तेव्हा, हवी तितकी मिळतात. पण माउसने विमान उडवायची सवय तिथे लागते आणि ती पुढे मोडायला त्रास होतो. तिथे खेळायचेच असेल तर सिम्युलेटर बॅटल्समध्ये, कॉकपिटमधून खेळा.

नाशिकजवळच्या ओझरला मिग-२१ बनत होते, त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांचा पहिला ओढा डीसीएसमधल्या मिग-२१बिस कडे असतो. भारतीय हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला निरोप दिला, त्यानंतर तर जास्तच. ओढा समजण्यासारखा आहे, पण पहिले विमान म्हणून ते घेऊ नका. त्याचा त्रिकोणी पंख जोराच्या वळणात वेग खाऊन टाकतो आणि बंदुकीत २०० गोळ्या असतात, म्हणजे साधारण चार सेकंदांचा खेळ. नवख्याच्या त्या चार सेकंदांतले तीन हवेतच जातात.

आधी यंत्र, मग युद्ध

डीसीएस नवीन जॉयस्टिक दिसला की स्वतःहून त्याला कामे नेमून देते, आणि थ्रॉटल (इंजिनचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) वेगळा लावला असेल तर त्यालाही तीच नेमून देते. मग थ्रॉटल पुढे केला की विमानाचे नाकही हलते. कंट्रोल्समध्ये जाऊन ॲक्सिस कमांड्सचा विभाग निवडा, प्रत्येक उपकरणाचा स्तंभ वेगळा पाहा, नको ते पुसून टाका. "माझे विमान आपोआप डावीकडे कलते" या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच निघते.

टेबलावर ठेवायच्या आखूड जॉयस्टिकला पिच (नाक वर-खाली) आणि रोल (कुशीवर कलणे) यांवर १५ ते २० ची कर्व्हेचर द्या, म्हणजे मध्याजवळ हालचाल हलकी होते; डेडझोन, म्हणजे मध्यावरचा प्रतिसाद न देणारा पट्टा, २ किंवा ३. याहून जास्त डेडझोन दिली तर नेम धरताना नाक उड्या मारते. आपल्याकडच्या धुळीचा मोठा मार पोटेन्शिओमीटरच्या, म्हणजे आत घासणारा भाग असलेल्या जॉयस्टिकला बसतो. आधी पिळायचा ॲक्सिस खराब होतो आणि रडर (शेपटीवरचे सुकाणू) आपोआप थरथरायला लागतो. हॉल सेन्सरच्या जॉयस्टिकमध्ये घासणारा भाग नसल्यामुळे हा त्रास नाही. खेळून झाल्यावर वर फडके टाका, एवढ्यानेही आयुष्य वाढते.

डोके वळवले की कॉकपिटमधली नजर वळली पाहिजे, त्याशिवाय माणसांत जाऊ नका. ओपनट्रॅक हे फुकटचे सॉफ्टवेअर आणि साधा वेबकॅम पुरतो; त्यातला न्यूरलनेट ट्रॅकर निवडा. डोके ३०-३५ अंश वळले की नजर १५० अंशांपर्यंत जाईल अशी वक्ररेषा आखा, आणि मध्ये ३-४ अंश सपाट ठेवा, नाहीतर नेम धरताना चित्र डुलते. पाठीमागे उघडी खिडकी असली की दुपारी कॅमेऱ्याला चेहरा काळा दिसतो आणि नजर भलतीकडे उडते. दिवा समोरून हवा.

आता उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा खोलीतली हवाच लॅपटॉपला थंड करू शकत नाही. प्रोसेसर ९५ अंशांकडे गेला की स्वतःचा वेग कमी करतो आणि नेमका वळणाच्या मध्यात खेळ अडखळतो. लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला, जाळ्यांतली धूळ काढा आणि फ्रेम रेट ६० वर बांधून टाका. १०० फ्रेम मिळतात म्हणून घेण्यात अर्थ नाही, त्या ४० फ्रेमची सगळी उष्णता फुकट.

लाइटचेही पाहा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. ग्राफिक्स कार्डचा संगणक आणि मॉनिटर मिळून सिम्युलेटर चालू असताना ४०० वॉट सहज ओढतात, म्हणून लाइट जाताच यूपीएस किंचाळून बंद पडतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. १००० व्हीए किंवा त्यापुढचा घ्या. घरचा इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा, साध्या मोडवर बदलाच्या झटक्यात संगणक रीस्टार्ट होतो. राउटरला वेगळा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, पण आधी राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा.

पहिली पायरी: प्रतिकार न करणारा शत्रू

थेट एस पातळीशी भिडू नका. डीसीएसच्या मिशन एडिटरमध्ये कॉकेशस नकाशा घ्या. तुमच्या विमानाचे स्किल "प्लेअर" करा, उंची १५,००० फूट. शत्रूचे विमान त्याच उंचीवर ठेवा, पहिल्या वेपॉइंटवर (मार्गातल्या ठरवलेल्या जागेवर) "ॲडव्हान्स्ड" कृतींमध्ये दोन गोष्टी घाला: "परफॉर्म टास्क"मध्ये "ऑर्बिट", प्रकार "सर्कल", आणि "सेट ऑप्शन"मध्ये "रिॲक्शन टू थ्रेट", त्याला "नो रिॲक्शन". आता तो घाण्याच्या बैलासारखा गोल फिरत राहील.

इथे वेगाचा एक घोळ होतो. एडिटरमधला वेग हा खरा वेग असतो, कॉकपिटमधला काटा हवेच्या दाबावरून मोजलेला दर्शक वेग दाखवतो, आणि उंचीवर हवा विरळ असल्याने तो कमी भरतो. १५,००० फुटांवर ४४० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) खरा वेग म्हणजे काट्यावर साधारण ३५०. एडिटरमध्ये ३५० लिहून सुरुवात केलीत तर विमान काट्यावर २८० च्या आसपास मिळते आणि पहिल्याच वळणात लोळते.

या फिरत्या शत्रूच्या मागे जाऊन बंदुकीच्या टप्प्यात या, म्हणजे ३०० ते ६०० मीटर, आणि तिथे टिकून राहा. गोळी झाडू नका. ३० सेकंद टिकता आले की मग झाडा, एका वेळी अर्धा सेकंद. एफ/ए-१८सी मध्ये ५७८ गोळ्या असतात आणि बंदूक सेकंदाला सुमारे १०० ओकते, म्हणजे सहा सेकंदांत डबा रिकामा. अर्ध्या सेकंदाच्या हिशोबाने बारा संधी. आयएल-२ मध्ये पंखातल्या बंदुकांचा मिलनबिंदू, म्हणजे दोन्ही बाजूंच्या गोळ्या एकत्र येतात ती जागा, २५० मीटरवर ठेवा आणि समोरचा तेवढ्या जवळ आल्याशिवाय बटण दाबू नका.

दुसरी पायरी: मागून तीन अंतरे

आता "नो रिॲक्शन" काढा, स्किल "रूकी" (डीसीएसची सर्वांत खालची पातळी) करा आणि स्वतःला शत्रूच्या मागे ३,००० फुटांवर ठेवा, म्हणजे साधारण ९०० मीटर. तो वळेल, तुम्ही त्याच्या मागे टिका. मग ६,००० फूट, मग ९,००० फूट. हवाई दलांच्या सरावात हीच तीन अंतरे वापरतात, कारण प्रत्येक अंतर वेगळा प्रश्न विचारते. ३,००० फुटांवर घाई केली तर पुढे निघून जाता. ९,००० फुटांवर लगेच वळलात तर त्याच्या समोर येता. तो जिथे वळायला लागला त्या जागेपर्यंत सरळ जाऊन मग वळायचे, हे डोक्यात नाही, हातात बसावे लागते.

वेगाचे गणित एकदा मांडून पाहा. ६ जी च्या, म्हणजे शरीरावर वजनाच्या सहापट जोर देणाऱ्या वळणात खरा वेग ३५० नॉट असेल तर वळणाची त्रिज्या साधारण ५६० मीटर आणि पूर्ण फेरा साडेएकोणीस सेकंदांत. तेच ६ जी, पण वेग ४५० नॉट असेल तर त्रिज्या ९२० मीटरच्या वर आणि फेऱ्याला २५ सेकंद. म्हणजे "जास्त वेग चांगला" हा समज वळणात उलटा पडतो. पण ३५० वरून २०० वर आलात तर पंखांना ६ जी पेलतच नाही. प्रत्येक विमानाचा एक मधला वेग असतो जिथे ते सर्वांत चपळ वळते. तुमच्या विमानाचा तो वेग शोधा: एका उंचीवर, पूर्ण इंजिनवर, वेगवेगळ्या वेगाने सपाट गोल फेरे मारा आणि घड्याळ लावा. अर्ध्या तासाचे काम आहे, पण बहुतेक जण ते करत नाहीत.

पाच-सहा दिवसांत "ट्रेन्ड", मग "व्हेटरन" वर जा. एसची घाई नको, त्याचे कारण पुढे येतेच.

संगणक कुठे खोटा खेळतो

डीसीएसमधले संगणकी विमान तुमच्याइतक्या बारकाईच्या उड्डाण-गणितावर चालत नाही, त्याचे गणित सोपे केलेले असते. त्यामुळे विशेषतः जुन्या पंख्याच्या विमानांत तो असा वर चढतो की तेच विमान तुम्ही उडवले तर चढणार नाही. तुमचे डोळे जी ने काळवंडतात तेव्हा तो बहुतेक निवांत असतो. समोरासमोर येताना त्याचा नेम माणसापेक्षा नेटका असतो, म्हणून संगणकाशी समोरून बंदूकबाजी कधीच करू नका. जिंकलात तरी शिकत काही नाही. बॉम्बरच्या मागच्या गोळीबाजांचेही तेच. एस पातळीच्या बॉम्बरच्या मागे सरळ चिकटाल तर पाच सेकंदांत इंजिन जाईल. वरून, बाजूने, वेगात यायचे आणि खाली निघून जायचे.

दृश्य असे असते. तुम्ही आणि एस पातळीचा संगणक समोरासमोर एकमेकांना ओलांडता. तो लगेच नाक उचलून वर जातो. तुम्हाला वाटते सुटला, तुम्हीही मागे नाक उचलता. सातव्या-आठव्या सेकंदाला काटा १६० वर, विमान थरथरते, नाक खाली पडायला लागते, आणि तो अजून वरच आहे. मग तो उलटतो आणि तुमच्या डोक्यावर उतरतो. हेच पुन्हा खेळा, पण या वेळी मागे जाऊ नका. नाक क्षितिजाच्या किंचित खाली ठेवा, हलके वळत राहा, काटा वाढू द्या. तो वर जाऊन थकेल, कारण खोटे गणित असले तरी गुरुत्वाकर्षण त्यालाही आहे. तो शिखरावर उलटताना मंद असतो. तो क्षण दिसला की त्याच्याकडे वळा. संगणक हा डाव पुन्हा पुन्हा टाकतो. माणूस दुसऱ्यांदा टाकेल, तिसऱ्यांदा बहुधा नाही.

म्हणून एस पातळी जिंकणे हे ध्येय ठेवू नका. त्याच्या खोट्या चढाईवर उतारा शोधता शोधता तुम्ही असे डाव शिकता जे फक्त त्याच्यावरच चालतात. पातळी वाढवण्यापेक्षा मांडणी बदला: शत्रू २,००० फूट वर, शत्रू दोन, तुमचे इंधन निम्मे, सूर्य त्याच्या पाठीशी. "सेट ऑप्शन"च्या यादीत आफ्टरबर्नरवर (इंजिनच्या जादा जोरावर) बंदी घालता येते, फ्लेअर (क्षेपणास्त्राला चकवणारे जळते गोळे) कधी सोडायचे ते ठरवता येते, क्षेपणास्त्र किती अंतरावरून सोडायचे तेही. फ्लेअर बंद ठेवलेला व्हेटरन हा नवख्याला फुकटच्या एसपेक्षा जास्त शिकवतो.

इथे एक गैरसमज होतो: यंत्राने खऱ्या वैमानिकाला हरवले आहे, म्हणजे खेळातला एसही तसाच. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने घेतलेल्या अल्फाडॉगफाइट स्पर्धेत हेरॉन सिस्टिम्सच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने एफ-१६ च्या अनुभवी वैमानिकाला सिम्युलेटरमध्ये ५-० ने हरवले. ती लाखो झुंजी खेळून स्वतः शिकलेली यंत्रणा होती. तुमच्या खेळातला एस हा "असे झाले तर असे कर" अशा नियमांवर चालतो. त्या स्पर्धेतही यंत्राला समोरच्या विमानाची अचूक जागा आयती मिळत होती, आणि खऱ्या सरावात सुरक्षेसाठी ज्याला मनाई असते तसे समोरून गोळी झाडणे ते सर्रास करत होते. म्हणजे दिसण्याचा प्रश्न तिथेही सुटलेलाच होता. तुमचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

तिसरी पायरी: दिसणे

संगणकाशी खेळताना बहुतेक जण लेबल चालू ठेवतात, डावी शिफ्ट आणि एफ-१० दाबले की विमानावर नाव आणि अंतर येते. चांगल्या सर्व्हरवर ती नसतात. म्हणून माणसांत जायच्या दोन आठवडे आधी ती कायमची बंद करा. पहिले तीन दिवस काहीच दिसणार नाही, चालेल.

सराव असा करा. मित्राला मिशन बनवायला सांगा: एक शत्रू, तुमच्यापासून १० ते १५ किलोमीटरवर, दिशा आणि उंची त्याने ठरवायची, तुम्हाला सांगायची नाही. रडार बंद. तुम्ही फक्त शोधायचे आणि शत्रूने तुम्हाला गाठण्याआधी तो सापडला की थांबायचे. नजर आकाशभर भिरभिरवू नका. एक पट्टा घ्या, दोन सेकंद थांबा, पुढचा पट्टा. दर दहा सेकंदांनी विमान एका कुशीवर करून पोटाखाली पाहा, कारण मारेकरी बहुतेक तिथूनच येतो. थोडे झूम करा, पण झूम करून हिंडू नका. झूममध्ये बाजूचे जग गायब होते.

अंतराचा अंदाज खान्देशाच्या नकाशावर बसवून घ्या. धुळे ते जळगाव सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या थोडे वर. एक विमान धुळ्यावर, दुसरे जळगावावर, दोघेही एकमेकांकडे ताशी ९०० किलोमीटरने. ते पावणेतीन मिनिटांत एकमेकांना ओलांडतील. जळगाव-भुसावळ एवढ्या अंतराला त्यांना जेमतेम ५० सेकंद. रडारवर ठिपका दिसल्यावर "अजून लांब आहे" म्हणून नकाशा उघडून बसणारा इथेच संपतो.

चौथी पायरी: ओळखीचा माणूस

सार्वजनिक सर्व्हरच्या आधी एका मित्राशी खेळा. आधी दोघे एका बाजूला, समोर दोन व्हेटरन संगणक. यात बोलणे शिकायचे. "भो, तो बघ, तिकडे ये, तिकडे!" याला काही अर्थ नाही, कारण तिकडे म्हणजे कुठे ते ऐकणाऱ्याला दिसत नाही. आधी कोणाला सांगतोय, मग काय करायचे, मग कुठे: "दोन नंबर, उजवीकडे वळ. मागे, खाली, एक किलोमीटर." आज्ञा आधी, तिचे कारण शेवटी.

मग दोघे एकमेकांविरुद्ध. तीन नियम आधी ठरवा: एकमेकांना ओलांडल्याशिवाय झुंज सुरू नाही, समोरून गोळी नाही, जमिनीपासून ५,००० फुटांखाली नाही. खालचा नियम नवख्यांना नकोसा वाटतो, पण तो नसेल तर निम्म्या झुंजी कोणीतरी टेकडीवर आपटून संपतात आणि जिंकलेला स्वतःला शहाणा समजतो.

दोघांचे घर एकाच गावात असले तरी जोडणी अडू शकते. डीसीएसचा सर्व्हर १०३०८ हा पोर्ट (जोडणीचे दार) वापरतो, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. ज्याच्या घरी सर्व्हर त्याच्या राउटरमध्ये तो उघडावा लागतो. उघडूनही मित्राला दिसत नसेल तर राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असेल तर तुमचा इंटरनेटवाला अनेक घरांना एकाच पत्त्यामागे ठेवतो, आणि पोर्ट उघडण्याचा काही उपयोग नाही. मग मित्राच्या घरी सर्व्हर करून पाहा, किंवा दोघांनी झीरोटियर अथवा टेलस्केल टाकून आपसांत आभासी लॅन जोडा. सर्व्हर ज्याच्याकडे त्याच्या संगणकावर संगणकी विमानांचे सगळे ओझे पडते, म्हणून चारपेक्षा जास्त शत्रू एकदम ठेवू नका.

पाचवी पायरी: अनोळखी माणसे

आधी जोडणी मोजा. मुंबई ते फ्रँकफर्ट साडेसहा हजार किलोमीटर. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन किमान ६५ मिलिसेकंद, आणि तार कधीच सरळ जात नाही, म्हणून युरोपच्या सर्व्हरवर याच्या दुप्पट-अडीचपट धरा. १५० मिलिसेकंदांत ३५० नॉटचे विमान २७ मीटर पुढे जाते. एफ-१६ ची लांबी १५ मीटर. म्हणजे बंदुकीच्या झुंजीत समोरचा जिथे दिसतो तिथून दीड-दोन विमाने पुढे असू शकतो. त्याहून वाईट म्हणजे चढउतार. स्थिर १६० परवडले, पण ९० ते ३०० नाचणारे नको. त्यात विमाने उड्या मारतात. वायफाय काढून लॅनची तार लावली की हे नाचणे बरेच थांबते.

वेळही जुळवावी लागते. युरोपात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. भरलेले सर्व्हर त्यानंतरच मिळतात. खान्देशच्या उन्हाळ्यात हे सोयीचेच आहे, खोली तोवर जरा निवलेली असते.

पहिल्या दिवशी कोणाला पाडायला जाऊ नका. पहिले तास फक्त जिवंत परतण्याचे: उडा, कडेकडेने फिरा, कोण कुठल्या उंचीवर लढतो ते पाहा, इंधन निम्मे झाले की परत येऊन उतरा. संगणकाच्या मिशनमध्ये शत्रू संपला की मिशन संपते, इथे काही संपत नाही. संगणकाने लावलेल्या या वाईट सवयी इथे एकेक करून महाग पडतात: एका विमानामागे लागून तिसऱ्याला विसरणे, पाडल्यावर जळते विमान बघत सरळ उडत राहणे, आणि समोरचा नेहमी लढेलच असे धरून चालणे. माणूस लढत नाही. हिशोब जमत नसेल तर तो सरळ पळतो, दहा किलोमीटरवर उंची घेतो आणि उन्हातून परत येतो. तुम्हीही पळायला शिका. अर्ध्या मिनिटात नेम जमला नाही तर सोडा, मागे पाहा, दिशा बदला.

माणसाला फसवताही येते, संगणकाला नाही. जखमी असल्यासारखे एका कुशीवर हळू उडा, माणूस लोभाने घाईत येतो आणि पुढे निघून जातो. संगणकाला हा लोभ नाही, त्याच्यावर हा डाव चालत नाही.

पडल्यावर काय

टॅकव्ह्यू या उड्डाणाची नोंद पुन्हा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती टाका. डीसीएसमध्ये उड्डाणाची नोंद डॉक्युमेंट्समधल्या टॅकव्ह्यू फोल्डरमध्ये आपोआप जमते. काही सर्व्हर ती बंद ठेवतात. नोंद उघडली की मरण्याचा क्षण पाहत बसू नका. तिथून ९० सेकंद मागे जा. तुमचा वेग, त्याचा वेग, दोघांची उंची, चार आकडे वहीत लिहा. मग दर दहा सेकंदांनी पुन्हा. बहुतेक वेळा असे दिसते की गोळी शेवटच्या दोन सेकंदांत लागली, पण झुंज एक मिनिट आधीच गेली होती: तुम्ही २८० नॉटवर सपाट उडत होता आणि तो चार किलोमीटर मागे, ३,००० फूट वर, ४५० वर होता. तेव्हा तुम्ही काय करत होता तेही कॉकपिटच्या आठवणीतून लिहा. नकाशा बघत होता, रेडिओ लावत होता, किंवा नुसतेच खाली पाहत होता.

आता तेच आकडे घेऊन मिशन एडिटरमध्ये जा. शत्रू व्हेटरन, चार किलोमीटर मागे, ३,००० फूट वर, त्याचा वेग ४५०, तुमचा २८०. फक्त आकडे खऱ्या वेगात बदलून लिहा, नाहीतर तोच जुना घोळ. संगणक त्या माणसासारखा धूर्त नसेल, पण तो दमत नाही आणि हीच चाल वीस वेळा टाकेल. दहाव्या-बाराव्या वेळी तुम्ही त्याच्या खालून, वेळेवर, पोटाकडून वळायला लागाल. मग मिशनमध्ये एकच बदल करा: शत्रू मागे आहे हे तुम्हाला माहीत नको. मित्राला त्याची जागा बदलून द्यायला सांगा, कधी डावीकडे, कधी सूर्याकडे, आणि पाचातून एकदा मिशनमध्ये शत्रूच ठेवू नको म्हणा.